मॉन्टेरेच्या थंड पाण्यात : सील, सी लायन आणि सी ऑटर

गुरुवार, मुंबई

भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत, सी लायन नाहीत, आणि सी ऑटर हे समुद्री पाणमांजर तर उत्तर पॅसिफिकच्या काठाखेरीज जगात कुठेच आढळत नाही. या तिघांचीही गाठ एका आठवड्याच्या रजेत घ्यायची असेल, तर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे आमचे सर गेली कित्येक वर्षे सांगत आले होते. सर मूळचे मालवणचे. दादरच्या तलावात त्यांच्या हाताखाली निरनिराळ्या वेळी स्कूबा शिकलेले आम्ही पाचजण अखेर त्यांच्यासोबत आज रात्री निघालो. परळचे एक निवृत्त पशुवैद्य, म्हणजे आमचे डॉक्टरकाका. मुलुंडचे दादा आणि वहिनी, दोघेही पाण्याखालच्या छायाचित्रणाचे नादी. बँकेत नोकरी करणारा छोटू. आणि गिरगावची मी. सी ऑटरशेजारी पाण्याखाली आपले छायाचित्र काढून आणण्याचा संकल्प छोटूने विमानतळावर पोहोचण्याआधीच सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवला होता.

ऑक्टोबर निवडण्यामागे सरांचा हिशेब होता. जून-जुलै हा सी लायनच्या विणीचा हंगाम. त्या काळात दक्षिणेकडील चॅनेल बेटांवर मोठे नर आपापला किनारा राखून असतात आणि डायव्हरची लुडबुड त्यांना खपत नाही. हंगाम संपला की नर आणि बरेचसे तरुण प्राणी उत्तरेकडे सरकतात व मॉन्टेरेच्या आसपास मुक्कामाला येतात. शिवाय वसंतात वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचे पाणी समुद्रात लोटतात, त्याच्या जागी खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पाणी हिरवेगढूळ होते. ऑक्टोबरपर्यंत हा जोर ओसरलेला असतो. थंडी मात्र बाराही महिने. अंदमानात किंवा तारकर्लीला तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूटही पुरून उरतो. इथे पाणी दहा ते चौदा अंशांचे, त्यामुळे सात मिलिमीटरचा सूट, डोक्यावर हूड, हातमोजे आणि एवढ्या रबराला खाली धरून ठेवण्यासाठी कमरेला बारा-तेरा किलो शिसे लागते. हे शिसे तिथेच भाड्याने मिळते, असे कळताच वहिनींनी सामानाच्या वजनाची चर्चा थांबवली.

शुक्रवार, सॅन फ्रान्सिस्को

घड्याळ साडेबारा तास मागे घेतल्यामुळे शुक्रवार फारच लांबला. झोप टाळण्यासाठी सरांनी आम्हांला विमानतळावरून थेट पिअर ३९ या धक्क्यावर नेले. पर्यटकांच्या गर्दीची ही जागा एरवी मी टाळली असती, परंतु कोरड्या अंगाने सी लायन नीट न्याहाळण्याची संधी पाण्यात उतरण्यापूर्वी मिळणे फार उपयोगाचे ठरते.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी या शहराला मोठा भूकंपाचा धक्का बसला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात नौका बांधण्याच्या या तराफ्यांवर सी लायन येऊन बसू लागले. १९९० उजाडले तसे त्यांचे थवेच आले. नौकामालक वैतागले, आरडाओरड झाली. शेवटी प्राण्यांना तिथेच राहू द्यावे असा सल्ला जाणकारांनी दिला आणि नौका दुसरीकडे हलवल्या गेल्या. भूकंपामुळेच ते आले असे गाइड लोक रंगवून सांगतात, पण आडोशाची जागा, हेरिंग माशांची चंगळ आणि शार्कपासून बचाव एवढी कारणे मला पुरेशी वाटतात. आज तराफे खचाखच भरलेले होते, आणि तरीही पाण्यातून वर येणारा प्रत्येक नवा प्राणी आपल्या लोकलमधल्या फोर्थ सीटवाल्याच्या निर्धाराने स्वतःला मध्ये घुसवत होता.

सील आणि सी लायन यांतला फरक डॉक्टरकाकांनी इथेच समजावला. सी लायनला बाहेर दिसणारे छोटे, गुंडाळलेले कान असतात. खऱ्या सीलला कानाच्या जागी नुसते भोक असते. सी लायन मागचे वल्हे, म्हणजे वल्ह्यासारखे चपटे पाय, शरीराखाली पुढे वळवू शकतो, म्हणून जमिनीवर तो चार पायांवर चालतो, चढतो, प्रसंगी धावतोही. सीलला ते जमत नाही, तो पोटावर सरपटतो. पाण्यात मात्र चित्र उलटे होते : सी लायन पुढच्या लांब वल्ह्यांनी पाणी रेटतो आणि मागचे वल्हे सुकाणूसारखे वापरतो, तर सील मागचे वल्हे डावीउजवीकडे हलवत पुढे जातो. मोठा नर ओळखण्याची खूण म्हणजे कपाळावरचा उंचवटा. असा नर साडेतीनशे किलोपर्यंत भरतो, आणि मादी शंभरच्या आसपास. काकांनी हा उंचवटा पुन्हा पुन्हा दाखवला, कारण पाण्याखाली तो दिसला की काय करायचे हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

संध्याकाळी गाडीने दोन-अडीच तासांत मॉन्टेरे गाठले.

शनिवार, ब्रेकवॉटर

मॉन्टेरेच्या बंदराला लाटांपासून आडोसा देणारी दगडी भिंत १९३० च्या दशकात बांधली गेली. तिचे बाहेरचे टोक सी लायनांनी केव्हाच ताब्यात घेतले आहे आणि तिच्या मुळाशी असलेला सॅन कार्लोस किनारा हा कॅलिफोर्नियातल्या डायव्हरांचा जवळजवळ अड्डाच आहे. पायऱ्या उतरायच्या, वाळूत फिन चढवायचे आणि चालत पाण्यात शिरायचे; नौका लागत नाही.

थंडीबद्दल एवढेच सांगते की हूडमधून पहिले पाणी कपाळावर आले तेव्हा भुवयांच्या वर कळ उठली, ती दोनेक मिनिटांनी गेली, आणि त्यानंतर बोटे सोडून कुठेही त्रास झाला नाही. दृश्यता आठ-नऊ मीटर होती. भिंतीच्या कडेकडेने आम्ही जोड्या करून निघालो, मी डॉक्टरकाकांसोबत. दगडांना घट्ट धरून केल्पचे बुंधे उभे होते. ही शेवाळाच्या कुळातली प्रचंड वनस्पती अनुकूल काळात दिवसाला तीस सेंटिमीटरहून अधिक वाढते, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचा फुगा असल्यामुळे ती तळापासून पृष्ठभागापर्यंत ताठ उभी राहते. वरच्या पानांच्या छतातून उन्हाचे तिरपे पट्टे खाली येत होते. तळावर नारिंगी, तांबडे, जांभळे बॅट स्टार जातीचे तारामासे इतके होते की गुडघा टेकवायला जागा शोधावी लागे.

सी लायन दिसण्याआधी ऐकू आले. भिंतीवरचा त्यांचा भुंकल्यासारखा आवाज पाण्यात शिरून बोथट होतो आणि नेमका कोणत्या दिशेने येतो ते कळत नाही. मग डोक्यावरून एक सावली गेली, पाठोपाठ दुसरी. सरांनी आम्हांला तळावर बसवले, हात छातीशी घडी करून घ्यायला लावले आणि सगळ्यांना थांबण्याची खूण केली. सी लायन वेगात आला तर ताशी चाळीस किलोमीटरच्या घरात पोहतो. त्याच्या मागे लागून काही साधत नाही, आणि त्याच्यापासून पळूनही काही साधत नाही.

पहिला आला तो पुरता वाढलेला नव्हता, पण पिल्लूही नव्हता. तो पाठीवर उलटा, पोट वर करून, माझ्या चेहऱ्याच्या दिशेने सरळ आला आणि मास्कपासून हातभर अंतरावर क्षणभर थबकला. त्याचे डोळे मोठे, काळे आणि ओले. त्यांत बुबुळ कुठे संपते ते दिसत नाही. मिशांचे केस पिवळसर, जाड, आणि प्रत्येक केस मुळाशी वेगळा हलत होता. वरच्या ओठावरच्या एका जुन्या जखमेच्या पांढऱ्या रेषेपाशी दोन-तीन केस नव्हते. त्याने तोंड उघडले, आतले तपकिरी डाग पडलेले दात दाखवले, माझ्या मास्कवर बुडबुड्यांचा एक लोट सोडला आणि कमरेत दुमडून जवळजवळ स्वतःच्याच शेपटीवरून उलटा वळून गेला. त्याच्या पाठीचा कणा किती लवचीक आहे, हे जमिनीवर पाहून कधीच कळले नसते.

त्यानंतर अर्धा तास त्यांचाच होता. एकाने तळावरचा तारामासा तोंडाने उचलून वर नेला, सोडला, खाली पडत असताना पुन्हा पकडला, आणि दुसऱ्याने तो हिसकावला. दादांच्या कॅमेऱ्यापुढे काचेचा घुमट आहे. त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसत असल्यामुळे एकजण तिथून हलेचना, आणि दादांना इतक्या जवळून फक्त नाकपुड्यांची छायाचित्रे मिळाली. वहिनींच्या फिनचे टोक दुसऱ्याने दातांत धरून ओढले. हात छातीशी ठेवण्याचा नियम यासाठीच आहे : या प्राण्याला हात नाहीत, वस्तूची पारख तो तोंडाने करतो, आणि त्याने कुतूहलाने घेतलेला चावाही चावाच असतो.

मग एकदम सगळे तरुण पांगले. भिंतीच्या बाजूने एक गडद, रुंद मानेचा नर येत होता, आणि कपाळावरचा उंचवटा इतक्या अंतरावरूनही स्पष्ट होता. आमच्याकडे न वळता त्याने तोंडातून बुडबुडे सोडत दोनदा आवाज केला, जो छातीच्या फासळ्यांत जाणवला. सरांनी लगेच दिशा बदलण्याची खूण केली आणि आम्ही भिंत सोडून वाळूच्या बाजूने संथपणे परतलो. हंगाम नसला तरी असा इशारा मिळाल्यावर तिथे रेंगाळणे हा निव्वळ आगाऊपणा झाला असता.

रविवार, पॉइंट लोबॉस

कार्मेलच्या दक्षिणेला असलेल्या या राखीव क्षेत्रात डायव्हिंगला आगाऊ नोंदणी लागते, रोज मोजक्याच जोड्यांना सोडले जाते आणि एकट्याला मुळीच प्रवेश नाही. इथल्या पाण्याला १९६० पासून संरक्षण आहे. अमेरिकेतल्या पहिल्या काही सागरी राखीव क्षेत्रांत त्याची गणना होते. या जागेचे नावही लोबॉस मारिनॉस, म्हणजे स्पॅनिश खलाशांनी सी लायनांना दिलेल्या नावावरून पडले आहे. व्हेलर्स कोव्ह या छोट्या खाडीच्या काठी १८५० च्या दशकात चिनी कोळ्यांनी बांधलेली एक लाकडी झोपडी अजून उभी आहे. पुढे इथे देवमाशांची शिकार झाली आणि अबालोन या मोठ्या सागरी गोगलगायीचा कारखानाही चालला. आज इथे गळ टाकायलाही बंदी आहे.

कालच्या गोंगाटानंतर हार्बर सीलचा स्वभाव अगदी निराळा वाटला. खाडीच्या तोंडाशी खडकांवर ते ठिपकेदार, गोलमटोल, डोके आणि शेपूट वर उचलून पडले होते. पाण्यात शिरल्यावर वीस मिनिटे एकही दिसला नाही. केल्पच्या बुंध्यांमधून बारा मीटरवर पोहत असताना डॉक्टरकाकांनी माझ्या खांद्याला हात लावून मागे बोट दाखवले : तीन मीटर मागे एक सील, मान किंचित वाकडी करून, आमच्या पाठोपाठ येत होता. मी वळताच तो बुंध्याआड गेला. पुन्हा पुढे निघाले की थोड्या वेळाने फिनला हलका स्पर्श व्हायचा, वळून पाहावे तर मागे नुसती हलणारी पाने.

हा खेळ बराच वेळ चालला. शेवटी सरांनी आम्हांला एका दगडाच्या आडोशाला नुसते बसवून ठेवले, पाठ त्याच्याकडे करून. माझ्या मते संपूर्ण सहलीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. सील हळूहळू बाजूने आला, आमच्यासमोर वाळूवर उतरला आणि चक्क डोळे मिटून पडला. आपल्याला सिलिंडरमधला श्वास एक क्षणही रोखून धरायचा नसतो, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगून ते फाटू शकते. सील मात्र बुडी मारण्यापूर्वी श्वास सोडूनच देतो. खोलात गेल्यावर त्याची उरलीसुरली हवा फुप्फुसाच्या अशा भागात ढकलली जाते की नायट्रोजन रक्तात विशेष मिसळत नाही. प्राणवायूचा साठा तो रक्तात आणि स्नायूंत बाळगतो, हृदयाचे ठोके एकदम कमी करतो, आणि गरज पडली तर अर्धा तास खाली राहतो. आमच्या बुडबुड्यांचा आवाज ऐकून त्याने एकदा डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

त्याच्या मिशांविषयी काकांनी दुपारी डबा खाताना सांगितले. प्रयोगांत असे दिसले आहे की डोळ्यांवर पट्टी बांधलेला हार्बर सीलही पुढे जाऊन गेलेल्या वस्तूचा पाण्यात उरलेला माग मिशांनी काढत जातो. म्हणजे आम्ही वळण्याआधीच तो आमच्या फिननी ढवळलेल्या पाण्यावरून आमची वाट वाचत होता. "सी लायन तुम्हांला भेटायला येतो, सील तुमच्यावर पाळत ठेवतो," असे दादा म्हणाले, आणि त्यात फेरफार करण्यासारखे मला काही आढळले नाही.

सोमवार, मॉन्टेरे

रात्रीतून वायव्येकडून लाट आली आणि सगळे डाइव्ह रद्द झाले. आम्ही कॅनरी रोवर गेलो. या रस्त्यावर एके काळी सार्डीन डबाबंद करण्याचे कारखाने होते. मासे संपले, कारखाने बंद पडले, आणि त्यांपैकी एकाच्या जागेवर १९८४ साली मॉन्टेरे बे अॅक्वेरियम उभे राहिले. तिथला केल्पचा टाका तीन मजली उंच आहे, पण दोन दिवस खऱ्या केल्पमध्ये काढल्यावर त्यासमोर मी फार वेळ थांबले नाही.

थांबले ती सी ऑटरच्या टाक्यापाशी. आई गमावलेल्या पिल्लांना इथे माणसांऐवजी पाळलेल्या माद्यांच्या हवाली केले जाते. त्या दत्तक माता पिल्लाला बुडी मारणे, शिंपला फोडणे, अंगाची निगा राखणे शिकवतात, आणि मोठे झालेले पिल्लू समुद्रात सोडले जाते. माणसांशी लळा लागू नये म्हणून सांभाळणारे कर्मचारी चेहरा झाकून वावरतात. जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत ऑटरची जी संख्या वाढली, त्यातली निम्म्याहून अधिक वाढ अशा सोडलेल्या पिल्लांमुळे आणि त्यांच्या वंशजांमुळे झाली, असे अभ्यासातून पुढे आले आहे.

हा प्राणी वाचला हेच नवल. त्याला चरबीचा थर नसतो. थंडीपासून बचाव होतो तो केवळ केसांमुळे, आणि ते इतके दाट असतात की एका चौरस सेंटिमीटरवर लाखाहून अधिक केस भरतात, म्हणजे आपल्या अख्ख्या डोक्यावर असतात तितके. याच फरसाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत त्याची बेसुमार कत्तल झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा कॅलिफोर्नियातून तो नाहीसा झाला असेच मानले जात होते. १९३८ साली मॉन्टेरेच्या दक्षिणेकडील बिग सर या भागाच्या किनाऱ्यावर, बिक्सबी ओढ्याच्या मुखाशी, पन्नासेक ऑटरांचा कळप लोकांच्या नजरेस पडला. आज कॅलिफोर्नियात असलेले सुमारे तीन हजार ऑटर त्या उरलेल्या मूठभरांचे वंशज आहेत.

मंगळवार, एल्कहॉर्न स्लू

मॉस लँडिंगच्या बंदरातून कयाकने आम्ही या खाडीत शिरलो. छोटूचा चेहरा उतरलेला होता, कारण रात्री जेवताना सरांनी त्याला स्पष्ट सांगितले होते की ऑटरसाठी कोणीही पाण्यात उतरणार नाही. "सी लायनबरोबर चालते, मग ऑटरबरोबर का नाही, सर?" हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटला होता, आणि त्याचे उत्तर मला खाडीतच मिळाले.

बंदराच्या तोंडाशीच वीसेक नरांचा तांडा पाठीवर तरंगत होता, पंजे पाण्याबाहेर, डोळे मिटलेले. पाणी केसांत शिरू नये म्हणून ऑटर दिवसाचा बराच वेळ अंग चोळण्यात, केस चाटण्यात आणि त्यांत हवा फुंकण्यात घालवतो. शरीर तापते ठेवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके खावे लागते. पंचवीस किलोच्या प्राण्याला सहा किलोच्या आसपास. अशा प्राण्याला दचकवून बुडी मारायला लावले, तर त्याने खाल्लेले अन्न वाया गेले. सी लायनला चरबी आहे, वेग आहे, आणि नको वाटले तर तो क्षणात निघून जातो. ऑटरचा प्रत्येक घास हिशेबातला. म्हणून इथे कयाकने किमान पाच कयाकांच्या लांबीएवढे अंतर राखावे, त्यांच्या रोखाने न जाता बाजूने जावे, आणि एखाद्याने मान उचलून पाहिले तर मागे सरावे, असा दंडक आहे. सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा त्याच्यामागे आहे, आणि त्यात जबर दंडाची व तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आम्ही पाणगवताच्या कडेला कयाक धरून थांबलो. पलीकडे एक मादी खेकडा घेऊन वर आली. दुर्बिणीतून सगळे दिसत होते : खेकडा पोटावर उलटा दाबून धरलेला, एक एक नांगी मुळाशी पिरगाळून काढलेली, ती काखेतल्या कातड्याच्या सैल घडीत खोचून ठेवलेली, आणि मग कवच दातांनी उचकटून आतले खाणे. दोन-तीन घास झाले की ती पाण्यात एक पूर्ण गिरकी घ्यायची, छातीवरचा चोथा धुऊन टाकायची आणि पुन्हा सुरू. गिरगावात चिंबोरी फोडून खाणाऱ्या कुटुंबातली मी, पण नांगीतला गर इतक्या निगुतीने काढताना मी कोणाला पाहिलेले नाही. तिचे पिल्लू शेजारी तरंगत किंचाळत होते. त्याच्या बाळकेसांत इतकी हवा असते की ते बुडूच शकत नाही.

या खेकड्यांमुळे खाडीचे नशीब बदलले. भोवतालच्या शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे इथल्या पाणगवताच्या पात्यांवर शेवाळ चढत असे आणि गवत गुदमरत असे. ते शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी आणि बारीक किडे खेकडे फस्त करत होते. ऑटर परतले, त्यांनी खेकडे खाल्ले, किडे वाढले, शेवाळ हटले आणि गवत पुन्हा पसरले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काठावरच्या खारवनस्पतींची मुळे खाणारे खेकडेही कमी झाल्याने ओढ्यांचे काठ ढासळण्याचा वेग मंदावल्याचे अलीकडे दिसले आहे. ठाण्याच्या खाडीत कांदळवन लावण्यासाठी आपण किती खटाटोप करतो ते आठवून सर म्हणाले, "इथे रोपे लावायला माणूस नाही, खेकडे खायला जनावर लागले."

छोटूच्या छायाचित्रात ऑटर म्हणजे पाण्यावरचा एक तपकिरी ठिपका आहे. तेच त्याने नातेवाइकांना पाठवले.

बुधवार, पुन्हा ब्रेकवॉटर

लाट उतरल्यामुळे सकाळी आणखी एक डाइव्ह झाला. या वेळी आम्ही भिंत सोडून मेट्रिडियम फील्ड्सकडे गेलो, जिथे पंधरा मीटरवर पांढऱ्या, माणसाच्या कमरेइतक्या उंच समुद्रफुलांचे ताटवे आहेत. एक तरुण सी लायन वाटेत आला, आमच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कंटाळून गेला.

वर आल्यावर किनाऱ्याच्या टोकाला एक सी लायन वाळूवर पडलेला दिसला. भोवती पाच-सहा पर्यटक मोबाइल घेऊन सरकत होते. तो निवांत ऊन खात असल्याचा त्यांचा समज होता. डॉक्टरकाका लांबूनच थांबले. प्राण्याने पुढची आणि मागची वल्ही पोटावर घट्ट दुमडून घेतली होती, बरगड्या दिसत होत्या, आणि थोड्या वेळाने त्याने ओहोळातून वाहत आलेले गोडे पाणी प्यायला सुरुवात केली. सी लायन एरवी पाणी पीत नाही. त्याला लागणारे पाणी माशांतून मिळते. "मूत्रपिंड गेलीत. लेप्टो असणार," काका म्हणाले.

लेप्टो म्हटल्यावर आम्ही सगळे मुंबईकर दोन पावले मागे झालो. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्सीसायक्लिन घ्या म्हणून महापालिका दरवर्षी ज्या रोगासाठी बजावते, तोच लेप्टोस्पायरोसिस कॅलिफोर्नियाच्या सी लायनांमध्ये १९७० पासून आढळतो आणि काही वर्षांच्या अंतराने उन्हाळा-शरदात त्याची मोठी साथ येते. तो लघवीतून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. दुसरी शक्यता डोमोइक आम्लाची : सूक्ष्म शेवाळातले हे विष माशांतून सी लायनच्या मेंदूपर्यंत पोहोचते, असा प्राणी डोके एका लयीत हलवतो, त्याला झटके येतात, आणि एरवी गरीब वाटणारा तो चावायला धावतो. या प्राण्यात ती लक्षणे नव्हती.

सरांनी मरीन मॅमल सेंटरच्या मदत क्रमांकावर फोन केला. १९७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे रुग्णालय सॉसलिटोला आहे आणि या किनाऱ्यावर तिचे स्वयंसेवक ठिकठिकाणी आहेत. त्यांनी आधी विचारले ते नेमके ठिकाण, मग प्राण्याची लांबी, कान दिसतात का, अंगावर जखम आहे का. आणि सांगितले की त्याला पाण्यात ढकलू नका, ओले करू नका, खायला घालू नका, लोकांना लांब ठेवा. छोटूने आणि वहिनींनी फिन वाळूत रोवून एक सीमा आखली आणि आल्यागेल्याला तिच्याबाहेर थांबवू लागले. शुक्रवारी कानांचा धडा मिळाला नसता, तर फोनवरच्या तिसऱ्या प्रश्नाला आम्ही अडखळलो असतो.

तासाभराने चौघे स्वयंसेवक आले. त्यांच्याकडे छातीएवढ्या उंचीच्या लाकडी फळ्या होत्या, मागच्या बाजूला धरायला मुठी असलेल्या. फळ्यांची भिंत करून ते तीन बाजूंनी सावकाश सरकले, कोणी आवाज केला नाही, प्राण्याने एकदा फळीवर दात आपटले, आणि उरलेल्या एकाच मोकळ्या बाजूला ठेवलेल्या पिंजऱ्यात तो स्वतःच मागे सरत गेला. त्याला कोणाचाही हात लागला नाही. उपचार म्हणजे प्रतिजैविके आणि भरपूर सलाइन, असे त्यांतल्या एकीने काकांना सांगितले. वेळेत आणलेले प्राणी वाचतात, मूत्रपिंडे फार खराब झालेली असली तर उपाय नसतो.

काकांनी तिला फळ्यांची मापे विचारली, मुठी कोणत्या उंचीवर बसवतात ते पाहून घेतले, आणि डायरीत आकृती काढली. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात जखमी कासवे हाताळताना त्यांनी पूर्वी मदत केलेली आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन किंवा कासव लागले की पहिली अडचण बघ्यांची गर्दी हटवण्याचीच असते. तिथल्या वनखात्याच्या लोकांना अशा फळ्या प्लायवूडच्या बनवून दाखवाव्यात, असे त्यांच्या मनात होते. परतीच्या विमानात त्यांनी मापे इंचांतून सेंटिमीटरमध्ये केली आणि दादांना मुलुंडमध्ये स्वस्त सुतार कोण आहे ते विचारले.